राजाच्या तोंडात कापूस

रविवार, ४ नोव्हेंबर

आज वाचनालयाच्या अध्यक्षांची अक्कलदाढ काढली आणि त्यांच्याकडून एक नाटक पदरात पाडून घेतलं. रविवारी दवाखाना बंद असतो, पण अध्यक्ष कळवळत आले म्हणून उघडला. वाचनालयाला जानेवारीत पन्नास वर्षं पूर्ण होतात, त्यानिमित्त काहीतरी करायला हवं, असं ते भूल चढेपर्यंत सांगत होते. भूल चढल्यावर मी सांगायला लागलो. आपल्या गावच्या शेवटच्या राजावर ऐतिहासिक नाटक करू, मी लिहितो, मी बसवतो, राजाही मीच होतो, तुम्ही फक्त सभागृह द्या. त्यांनी "आँ" केलं. मी तो होकार धरला.

दंतवैद्याच्या धंद्यात हे एक सुख आहे. खुर्चीतल्या माणसाला उत्तर देता येत नाही. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडात हात घालून शिक्षणापासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळ्यावर मतं मांडत आलो आणि आजवर एकानेही माझं म्हणणं खोडून काढलेलं नाही. त्यामुळे आपलं बरोबरच असतं, अशी माझी समजूत होऊन बसली आहे.

या राजाबद्दल वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात जेमतेम चार ओळी आहेत. शत्रूने गावाला वेढा घातला. राजाने वेशीचा दरवाजा बंद ठेवला. मदत येणार नाही, असं दूताने येऊन सांगितलं. दुसऱ्या सकाळी राजाने स्वतःच्या हाताने दरवाजा उघडला. संपलं. दुपारी जेवण झाल्यावर बसून मी या चार ओळींचे चार अंक पाडले.

हिला वाचून दाखवलं. ही म्हणजे माझी बायको. दवाखान्यात कोण कधी येणार ते ती ठरवते, आणि घरात मी कधी काय करणार तेही. ऐकून झाल्यावर म्हणाली, राजा फार बोलतो. मी म्हटलं, राजा आहे, बोलणारच. यावर तिने नुसतं "हं" केलं. तिच्या तोंडात तर माझा हातही नव्हता.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

पात्रयोजना जोरात चालली आहे. माझी पद्धत अशी: पेशंट आडवा झाला, तोंड उघडलं, आरसा आत गेला की विचारायचं, "नाटकात काम करणार ना?" आजपर्यंत एकही नकार नाही. दात सगळ्यांनाच असल्यामुळे आमची मंडळी जितकी नाना तऱ्हेची जमली आहेत तितकी कुठल्याच नाटक कंपनीत नसतील. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई शत्रूचा सेनापती झाल्या. खरं तर मी त्यांना राणी देणार होतो, पण भूल उतरल्यावर त्यांनी स्वतःच पद बदलून घेतलं. एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी जावा नगरवासी झाल्या, वेगवेगळ्या वेळी आल्या होत्या म्हणून. कोपऱ्यावरच्या बेकरीत एक परक्या देशातून आलेला माणूस आहे, त्याला आपली भाषा अजून धड येत नाही. त्याला वेशीवरचा पहारेकरी केलं. चार अंक भाला धरून उभं राहायचं, एक शब्द बोलायचा नाही. माझ्या उदारपणाने मीच भारावून गेलो.

समोरचा मात्र आपणहून आला. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा नवा दंतवैद्य. तरुण आहे, दवाखान्यात माशांची टाकी आहे, पेशंटना गाणी ऐकवतो. त्याला मी दुसऱ्या अंकातलं प्रेत दिलं. बिचाऱ्याने आभार मानले.

आणि ठकी आली. आमची एकुलती एक मुलगी, दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासाची सुट्टी लागली म्हणे. दोन मोठ्या बॅगा, गादी आणि टेबलावरचा दिवा घेऊन आली. एवढं सामान कशाला, तर म्हणाली, हॉस्टेलला वाळवी लागली आहे. पुढच्या वर्षी ती माझ्या शेजारी उभी राहून काम करेल. तिच्यासाठी दुसरी खुर्ची मी घेऊनही ठेवली आहे, तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. ठकीने आज त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. पोरीचा जीव आहे हो धंद्यावर.

शनिवार, २४ नोव्हेंबर

पहिलं वाचन, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. मी सगळ्यांची वाक्यं मीच वाचून दाखवली, म्हणजे कसं म्हणायचं ते कळावं. ड्रायव्हिंगवाल्या बाईंचं घड्याळाकडे दोन-तीनदा लक्ष गेलं. वेळेच्या बाबतीत फार शिस्तीच्या आहेत.

दूताचं काम ठकीला दिलं. तिसऱ्या अंकात दूत येतो आणि मदत येणार नाही हे राजाला सांगतो. नाटकाचा कणा आहे तो प्रवेश. ठकी वाचायला लागली, "महाराज, एक सांगायचं होतं, पण धीर होत नाही," आणि तिथेच थांबली. पाणी प्यायली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडली. मग मीच पुढचं म्हणून टाकलं.

ही विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करणार आहे. मी म्हटलं, माझ्या बाबतीत गरज पडणार नाही, मीच लिहिलंय. ती म्हणाली, तरी पण असू दे.

डावीकडची मागची दाढ थोडी ठणकते आहे. थंड पाणी प्यायल्यामुळे असेल.

मंगळवार, ४ डिसेंबर

दाढ नुसत्या थंड पाण्यामुळे ठणकत नाही. गरम पाण्यानेही ठणकते. आज एका पेशंटला मी सांगत होतो की दुखणं अंगावर काढणारी माणसं मूर्ख असतात, वेळेवर या, अर्ध्या तासाचं काम असतं, घाबरण्यासारखं काय आहे. सांगताना माझाच हात गालावर गेला. घाबरण्यासारखं काय आहे हे मला नीट ठाऊक आहे, कारण ते रोज मीच करतो. शिवाय जाणार कुणाकडे? गावात दुसरा दंतवैद्य एकच. माशांच्या टाकीसमोर बसून वाट पाहण्यापेक्षा मी लवंग चावेन.

ठकीची सुट्टी अजून चालू आहे. हल्ली कॉलेजं किती सुट्ट्या देतात.

बुधवार, १२ डिसेंबर

कॉलेजातून दोनदा फोन आला होता. दोन्ही वेळा हिने घेतला. काय म्हणत होते विचारलं, तर म्हणाली, ठकीची चौकशी करत होते. एवढ्या मोठ्या कॉलेजात माझ्या पोरीची नावानिशी आठवण काढतात! ऊर भरून आला. रात्री जेवताना मी तसं बोलूनही दाखवलं. ठकी पानावरून उठली, हीसुद्धा तिच्यामागे गेली. दोघींचं अन्न तसंच राहिलं. मी माझं संपवलं, उजवीकडून चावत.

रविवार, २३ डिसेंबर

तालमीत रडारड नाही, पण भांडण झालं.

सगळं ठीक चाललं होतं. बेकरीवाला भाला धरून असा उभा राहतो की बघत राहावं. रोज तालमी ऐकून त्याची भाषाही सुधारते आहे, फक्त ती माझ्या नाटकातली आहे. परवा पाव घ्यायला गेलो तर गर्दीला म्हणत होता, "प्रजाजनहो, रांगेत उभे राहा." लोक उभे राहिलेही.

मग तिसरा अंक. ठकी आली, "महाराज, एक सांगायचं होतं," म्हणाली. मी राजाच्या तोऱ्यात म्हणालो, "बोल, निर्भयपणे बोल, या सिंहासनाने कुणाची जीभ कधी कापली नाही..." आणि पुढे माझं स्वगत. ते संपल्यावर ती म्हणाली, "मदत..." आणि मी तिला थांबवून मदतीबद्दल बोललो, कारण राजाला आधीच कल्पना असते. ड्रायव्हिंगवाल्या बाई खुर्चीवरून उठल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, ब्रेक मारा. ती पोरगी केव्हाची वळायला बघतेय आणि तुम्ही हॉर्न वाजवत मधेच घुसताय. तिला तिचं म्हणू द्या की."

मी शांतपणे समजावलं की संहितेत तसंच आहे. बाई म्हणाल्या, संहिता कुणी लिहिली? समोरचा दुसऱ्या अंकापासून जमिनीवरच होता, तो तेवढ्यात पडल्या पडल्या हसला. प्रेताने हसू नये, एवढं मी त्याला सुनावलं.

घरी येताना हिला विचारलं, मी खरंच मधे बोलतो का? ती उत्तर देणार होती, पण मला बाईंच्या उद्धटपणाबद्दल आणखी एक मुद्दा आठवला.

शनिवार, ५ जानेवारी

आज एक गोड गुपित लिहून ठेवतो. पाटी करून आणली! चांगली जाड, सुक्या लाकडाची, माणसाच्या उंचीएवढी लांब. वरच्या ओळीत माझं नाव आणि पदव्या, खालच्या ओळीत ठकीचं नाव. तिच्या नावापुढे पदवीसाठी जागा सोडली आहे, निकाल लागला की रंगवून घ्यायची. प्रयोग संपल्यावर अध्यक्ष म्हणतील, "डॉक्टर एक घोषणा करणार आहेत," मग मी सगळ्या गावासमोर पाटीवरची चादर ओढणार. अध्यक्षांना सांगून ठेवलं आहे. या वेळी त्यांनी स्पष्ट शब्दांत हो म्हटलं.

हिला पाटी दाखवली. तिने अक्षरांवरून हात फिरवला आणि खाली बसली. म्हणाली, "अहो, तिला विचारलंत का?" मी म्हटलं, विचारलं तर चकित कशी होईल? ती म्हणाली, "ती चकित व्हायला हवी असं नाही. तुम्ही तिला एकदा विचारा. विचारा आणि ऐका." मी म्हटलं, प्रयोगानंतर बोलू. पाटी कपाटामागे उभी केली.

गोष्ट आनंदाची, आणि हिच्या चेहऱ्यावर मात्र घरात दुखणं आल्यासारखं. बायकांना समारंभाची धास्तीच फार.

मंगळवार, १५ जानेवारी

वेशीचा दरवाजा बनतो आहे. कापडावर रंगवलेला दरवाजा मला नको होता. इतिहास आहे, खरा लाकडी हवा, कुरकुरत उघडणारा. ते काम बसथांब्यामागच्या सुतारमामांकडे दिलं आहे. नेपथ्याकडे लक्ष ठेव म्हणून मी ठकीला तालमींच्या पहिल्या आठवड्यापासून तिकडे पाठवतो आहे, आणि पोरीने शब्द पाळला. सकाळी जाते ती दिवे लागायला येते, केसांत भुसा घेऊन.

आज पाहायला गेलो. ठकी फळीला भोकं पाडत होती. हात अगदी स्थिर, जोर कुठे द्यायचा, कुठे सोडायचा, बरोबर कळत होतं. मी सुतारमामांना अभिमानाने म्हटलं, पाहिलंत, दंतवैद्याचा हात! मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि बिडी शोधायला खिसे चाचपले. एरवी बोलका माणूस आहे.

लवंगा संपल्या. गाल सुजला आहे असं ही म्हणते. मी म्हटलं, राजा आहे, भरदार दिसतो.

शुक्रवार, १८ जानेवारी

दाढ.

गुरुवार, २४ जानेवारी

प्रयोग रविवारवर आला आणि दरवाजा एका फळीने तोकडा पडला. एक फळी रात्रीतून तडकली. बदली फळी ओली मिळते, ओली लावली तर आकसेल आणि फट पडेल, असं ठकीने मला समजावलं. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तशी बोलत होती, हळू आणि नेमकं. मी म्हटलं, फट पडली तर पडू दे, तू आता आत बस, अभ्यास कर, परीक्षा कधी आहे तुझी?

ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं."

मी म्हटलं, अगं तेच वाक्य, पण थोडं वर म्हण, मागच्या रांगेला ऐकू जायला हवं. आणि "महाराज" विसरलीस.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, हो, विसरले. आणि निघून गेली. अभिनय सुधारतोय तिचा. शेवटचं ते पाहणं तर फारच छान होतं.

सोमवार, २८ जानेवारी, सकाळी

कालचा दिवस लिहायचा तर नीट लिहिला पाहिजे. वेळही आहे, कारण दवाखाना बंद आहे आणि मला बोलायला बंदी आहे.

काल सकाळी उठलो तो डावा डोळा जवळजवळ मिटलेला. गालाचा पार फुगा झाला होता. आरशात पाहिलं आणि माझ्यातला डॉक्टर म्हणाला, मूर्खा, हे दोन महिन्यांपूर्वीच काढायला हवं होतं. माझ्यातला पेशंट म्हणाला, प्रयोगानंतर बघू. दोघांचं चाललेलं असताना हिने माझा दंड धरला आणि मला रस्ता ओलांडून समोर नेलं. मी राजाच्या दाढीमिशीचा डबा काखेत घट्ट धरून होतो, का ते आता सांगता येत नाही.

रविवार असूनही समोरच्याने दवाखाना उघडला. त्याच्याबद्दल एक चांगलं अक्षरही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण लिहितो: मासे सुंदर आहेत. निदान त्यांच्याकडे पाहत असताना मी थरथरलो नाही. खुर्चीत बसल्यावर थरथरलो. त्याची मदतनीस रविवारच्या सुट्टीवर, म्हणून आमच्या मागोमाग आलेली ठकी माझ्या उशाशी उभी राहिली, तोंडातलं पाणी ओढणारी नळी हातात घेऊन. भूल दिली. तोंड उघडं राहावं म्हणून दातांमध्ये रबराचा ठोकळा बसवला. मग समोरचा म्हणाला, एक्स-रे बघून येतो, आणि आतल्या खोलीत गेला. गावात एक्स-रे बघायला इतका वेळ लावणारा दंतवैद्य मी दुसरा पाहिलेला नाही.

ठकीने नळी माझ्या गालात अडकवली आणि खुर्चीचा हात धरला.

"बाबा, मी परत जाणार नाहीये," ती म्हणाली. "सुट्टी नव्हतीच. मी कॉलेज सोडून आले."

मी "आँ" केलं.

"थांबा, मला सांगू द्या. सप्टेंबरपासून माझा हात थरथरायला लागला. माणूस तोंड उघडून पडलेला असतो, घाबरलेला असतो, आणि मी त्याच्याहून जास्त घाबरलेली. एका म्हाताऱ्या आजींना माझ्या हातून लागलं. फार नाही, पण रक्त आलं. त्या माझं सांत्वन करत होत्या. त्यानंतर रोज सकाळी मला उलटी व्हायची. आईला मी तेव्हाच सांगितलं. तुम्हाला सांगायला म्हणून आले, तर दवाखान्यात ती नवी खुर्ची."

नळी घरघर आवाज करत होती. माझ्या मनात उत्तरांची रांग लागली होती. हात सगळ्यांचेच थरथरतात. मी तुझ्यासाठी काय काय केलं. लोक काय म्हणतील. एक वर्ष राहिलंय फक्त. एकेक उत्तर पुढे येई, ठोकळ्याला आपटे आणि मागे जाई. आणि ती बोलतच होती.

"लाकडावर हात थरथरत नाही. मामा म्हणाले, राहा, शीक. मला राहायचंय. तुम्हाला राग येईल, ते मला माहीत आहे. पण तुम्ही मधे बोललात की माझं राहून जातं. म्हणून इथे सांगितलं. हे बरोबर नाही, कळतं मला."

मला राग आला. लपवत नाही, खूप आला. मग रागाच्या खालून दुसरंच काहीतरी आलं. पोर सप्टेंबरपासून रोज सकाळी उलट्या काढत होती आणि मी कॉलेजच्या फोनने ऊर भरून घेत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. समोरचा परत आला आणि त्याने विचारलं, दुखतंय का, भूल वाढवू? मी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते मलाही माहीत नाही. त्याने वाढवली.

दाढ वाकडी होती, तुकडे करून काढावी लागली, टाके पडले. ठकीने सगळा वेळ नळी धरली. तिचा हात थरथरत होता. मला गालात जाणवत नव्हतं, पण दिसत होतं. तरी तिने ती सोडली नाही.

शेवटी समोरच्याने कापसाचा मोठा बोळा चावायला दिला आणि म्हणाला, उद्या सकाळपर्यंत काढायचा नाही, बोलायचं नाही. मी आयुष्यभर पेशंटना सांगत आलो आहे की तासाभराने काढा. मी बोटाने एक दाखवला. त्याने हिच्याकडे पाहिलं, हिने छताकडे पाहिलं. "उद्या सकाळपर्यंत," तो म्हणाला. नव्या पद्धती असतील.

घरी आलो. प्रयोग संध्याकाळी होता. मी आतल्या खोलीत जाऊन कपाटामागून पाटी काढली. चादर बाजूला करून थोडा वेळ पाहत उभा राहिलो. अक्षरं चांगली वळणदार काढली होती रंगाऱ्याने. मग ती तशीच खांद्यावर घेऊन सुतारमामांकडे गेलो. रस्त्यात लोकांनी विचारलं, डॉक्टर, काय घेऊन चाललात? मी उत्तर देऊ शकलो नाही, हे किती बरं झालं.

ठकी तोकड्या दरवाजापाशी बसली होती. मी पाटी तिच्यापुढे ठेवली. तिने आपलं नाव वाचलं, त्यापुढची मोकळी जागा पाहिली. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "हे कधी केलंत, बाबा?" मी काही सांगायला गेलो आणि तोंडातून नुसता कापसाचा आवाज आला. मग मी बाकावरची करवत उचलून तिच्या हातात दिली आणि दरवाजातल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

ती लगेच उठली नाही. मामांनी पाटीवर बोटाने टकटक केलं आणि सुकं आहे, चांगलं आहे, एवढंच म्हणाले. तेव्हा तिने पट्टी घेऊन मोजलं. वीतभर जास्त भरत होतं. "कापू?" तिने विचारलं. मी मान हलवली. या वेळी कशासाठी ते मला माहीत होतं. कापलेल्या तुकड्यात माझ्या सगळ्या पदव्या गेल्या आणि तिच्या पदवीची मोकळी जागा. फळीवर दोघांची नावं तेवढी राहिली. ती अक्षरांची बाजू मागे, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी ठेवून बसवली.

आता प्रयोग.

मुका राजा घेऊन नाटक कसं करायचं यावर अध्यक्ष रडकुंडीला आले होते. ही म्हणाली, महाराज नुसते उभे राहतील, त्यांचं मी विंगेतून म्हणते. आणि तिने म्हटलं. म्हणजे तिला जे योग्य वाटलं ते म्हटलं. माझी तीन पानांची स्वगतं "मला विचार करू द्या" एवढ्यावर आली. पहिल्या अंकात सिंहासनाच्या थोरवीवर मी जे घाम गाळून लिहिलं होतं, त्याच्या जागी "बरं" आलं. मी तोंडाला दाढी, आत कापूस, गाल एका बाजूला, असा हातवारे करत उभा. पहिल्यांदा लोक हसले. मग हसायचे थांबले. राजा वेढ्याने सुजलेला दिसत असावा.

तिसऱ्या अंकात ठकी आली. "महाराज, एक सांगायचं होतं, पण धीर होत नाही." मी सवयीने हात वर केला. विंगेतून काही आलं नाही. मी हात खाली घेतला. ठकीने सगळं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मदत निघालीच नव्हती, वाटेत आम्हाला आशा दाखवणारे सगळे खोटं बोलत होते, आणि मी हे आधीच सांगायला हवं होतं पण तुमच्या चेहऱ्याकडे पाहून सांगवेना. हे सगळं मीच लिहिलेलं. काल मी ते पहिल्यांदा ऐकलं. चांगलं लिहिलंय.

चौथ्या अंकात दरवाजा उघडायचा होता. तो खरंच जड होता. बेकरीवाला आणि मी मिळून ओढला. मागच्या बाजूला आमची नावं उभी होती, आणि त्याला ती पहिल्यांदाच दिसली. तो चार अंक न बोललेला माणूस माझ्या कानाशी एकेक अक्षर लावत वाचायला लागला. मी त्याला गप्प बसवू शकलो नाही. दरवाजा सुरेख कुरकुरला. पलीकडे ड्रायव्हिंगवाल्या बाई तलवार खाली करून उभ्या होत्या आणि माझ्यासाठी रस्ता सोडून बाजूला झाल्या, जे संहितेत नव्हतं.

मी चार तासांचं बसवलेलं नाटक दीड तासात संपलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आणि मग अध्यक्ष पुढे आले. त्यांना थांबवायचं मी विसरलो होतो. "डॉक्टर एक घोषणा करणार आहेत," ते म्हणाले. मी विंगेकडे पाहिलं. हिच्या हातात वही होती, पण तिने ती मिटली. हे वाक्य तरी मी तुमच्यासाठी म्हणणार नाही, असा चेहरा. ठकी दूताच्या वेशात एका कडेला उभी होती, ओठ घट्ट मिटून, जमिनीकडे बघत. तिला पाटी माहीत झाली होती, घोषणाही कळली असणार.

मी तिच्याकडे गेलो. हात धरून तिला मधे आणलं. मी दरवाजाकडे बोट केलं, मग तिच्याकडे. पुन्हा दरवाजाकडे, पुन्हा तिच्याकडे. अध्यक्षांना कळेना. तेव्हा बेकरीवाला भाला आपटून पुढे आला आणि सगळ्या नाटकात नसलेलं त्याचं एकमेव वाक्य बोलला: "प्रजाजनहो, हा दरवाजा हिने केला!"

टाळ्या मला मिळाल्या त्याहून जास्त पडल्या. मी मोजायला बसलो नव्हतो, पण कलावंताला कळतं. ठकी रडत होती, आणि माझी दाढी एका बाजूने सुटली होती.

सोमवार, २८ जानेवारी, संध्याकाळी

सकाळी कापूस काढला. जीभ मोकळी झाल्यावर पहिल्यांदा हिला म्हटलं, तू तीन पानं कापलीस. ती म्हणाली, "चार." मग म्हणाली, पोरीच्या बाबतीत मी तुम्हाला बरेचदा सांगायला गेले होते. मी म्हटलं, हो, आता आठवतंय. आणि खरंच आठवत होतं, प्रत्येक वेळी मी पुढे काय बोललो तेसुद्धा. नव्या खुर्चीचं प्लास्टिक काढून टाकलं. तिचं काय करायचं ते समोरच्याला विचारणार आहे, त्याच्याकडे गर्दी असते. कापलेला वीतभर तुकडा मामांनी पाठवून दिला होता, त्याची पाचर करून दवाखान्याच्या दाराला लावली. माझ्या पदव्या इतक्या उपयोगी प्रथमच पडल्या.

दुपारी मामांकडे गेलो. काय काय बोलायचं ते रस्त्यात जुळवून ठेवलं होतं: वर्ष वाया गेलं ते, शिकायला किती दिवस लागतील ते, लोकांना काय सांगायचं ते. दरवाजा परत आणून भिंतीला टेकवला होता. ठकी एका फळीला खाच पाडत होती. मी म्हटलं, "हे काय आहे?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मी पुढे काही म्हणतो का म्हणून. मग सांगायला लागली. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत कशी बसवायची, खिळा का लागत नाही, घाईने ठोकलं तर लाकूड कसं फाटतं, आणि दोन फळ्यांमध्ये थोडी जागा का सोडायची. चहा गार झाला, मामा दुकान आवरायला लागले, तरी तिचं संपेना. मी स्टुलावर बसून ऐकत होतो. मधे एकदाही बोललो नाही, आणि तोंडात कापूस नव्हता.